नाव-गाव नसलेल्या गोष्टी

कुठलीही वस्तू विकत घेताना आपल्याकडच्या बायका एक प्रश्न हमखास विचारतात, ‘टिकेल ना हो?’ पातेले असो, सतरंजी असो, की सुनेसाठी घेतलेले पैंजण असोत, हा प्रश्न ठरलेला. आणि दुकानदाराचे उत्तरही ठरलेले, ‘तुमच्या नाती वापरतील, बाई!’ पातेल्याच्या बाबतीत एवढ्यावर भागते. पण गोष्टीचे काय? गाण्याचे काय? भिंतीवर कुणीतरी काढून ठेवलेल्या हरणाचे काय? त्यांच्याबद्दल हा प्रश्न आपण कधी विचारत नाही. ती जाऊ लागली म्हणजे मात्र हळहळतो.

मी वलगावचा. अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना पेढी नदीच्या काठी आमचे गाव लागते. याच पेढीच्या पुलावर, वलगावजवळ, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. आपल्यामागे पुतळा नको, समाधी नको, स्मारक नको, असे ते सांगत, ही आठवण आमच्याकडे अजून सांगितली जाते. लोकांनी अर्थातच ते ऐकले नाही. अमरावतीत समाधी झाली आणि विद्यापीठालाही बाबांचे नाव मिळाले. पण ज्या कीर्तनाने माणसे खराटा हातात घेत असत, ते कीर्तन काही दगडात बसवता आले नाही. ज्यांनी ऐकले त्यांच्या बोलण्यातून जेवढे पुढे आले तेवढे आले. टिकावे असे ज्याला वाटत नव्हते त्याचे नाव टिकले आणि जे टिकावे असे लोकांना वाटत होते ते वाऱ्यावर गेले, हा पेच मी लहानपणापासून पाहत आलो आहे. पण तो नीट कळायला माझी नात कारण झाली.

नात पुण्याला शिकते. गेल्या नाताळच्या सुटीत ती आमच्याकडे आली आणि तीन दिवस मोबाइलमध्ये डोके घालून बसली. चौथ्या दिवशी मी विचारले, ‘काय हरवलं आहे?’

‘एक गोष्ट, आबाजी,’ ती म्हणाली.

तिने मग मला ‘फॅनफिक्शन’ नावाचा प्रकार समजावून सांगितला. एखादे पुस्तक, सिनेमा किंवा मालिका आवडली म्हणजे चाहते स्वस्थ बसत नाहीत. मूळ लेखकाने जिथे गोष्ट सोडली तिथून ते ती पुढे नेतात. मूळ पुस्तकात दोन ओळींत उरकलेल्या एखाद्या दासीला, धाकट्या भावाला, नाहीतर खलनायकाच्या आईला ते नायकपद देतात. पैसे मिळत नाहीत, खरे नावही बहुतेकजण लावत नाहीत. अशा कथांचे एक प्रचंड भांडार इंटरनेटवर आहे. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ म्हणजे ‘आपले स्वतःचे दफ्तर’ असे त्याचे नाव. चाहत्यांनीच २००७ साली एक संस्था काढली आणि २००९ साली हे दफ्तर सर्वांसाठी खुले केले. आज त्यात एक कोटीहून अधिक कृती आहेत. २०१९ साली त्याला विज्ञानकथांच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला.

एक कोटीत एक कथा शोधायची कशी? नातीने दाखवले. प्रत्येक लेखक आपल्या कथेला खुणेच्या चिठ्ठ्या लावतो. पात्रे कोणती, नाते कोणते, शेवट गोड की कडू, गोष्ट पुरी की अर्धवट, शब्द किती, भाषा कोणती. लेखक मंडळी लहरी. एकच पात्र दहाजण दहा प्रकारांनी लिहितात. म्हणून शेकडो स्वयंसेवक बसून या चिठ्ठ्या जुळवतात. हा आणि तो एकच, अशी सोयरीक लावून देतात, म्हणजे कुठल्याही नावाने शोधले तरी माल सापडतो. मला हे फार आवडले. आमच्या तलाठ्याच्या दफ्तरात एवढी शिस्त असती तर निम्मे बांधाचे तंटे मिटले असते!

पण नातीची कथा सापडत नव्हती. ती तिने चौदाव्या वर्षी वाचलेली. नाव आठवत नाही, लेखिकेचे टोपणनाव आठवत नाही. एवढेच आठवते की एक मुलगी रात्री विहिरीच्या काठावर बसून आईला पत्र लिहिते आणि ते पाण्यात सोडते. त्या वर्षी नातीच्या घरी बरेच काही बिघडले होते, ते इथे सांगण्याचे कारण नाही. त्या दिवसांत ही कथा तिने पाच-सहा वेळा वाचली होती. शेवटी तिने स्वतःच घालून ठेवलेली खूण तिला सापडली. खूण उघडली तर आत एक ओळ, ही कथा काढून टाकली आहे, क्षमस्व. कथेचे नाव नाही, लेखिकेचे नाव नाही. खाली फक्त नातीने चौदाव्या वर्षी लिहिलेला शेरा तेवढा शाबूत, ‘रडवलंस. पुन्हा वाचणार.’

जुनी पाने साठवून ठेवणारी ‘इंटरनेट आर्काइव्ह’ नावाची एक संस्था १९९६ पासून काम करते. नातीने तिथेही शोधले. तिथेही ते पान नव्हते.

‘तिची गोष्ट होती, तिने पुसली,’ मी म्हणालो.

‘तो तिचा हक्क आहे, आबाजी. पण माझ्या वाचण्याचं काय? तिथं एक सोय असते. कथा ठेवून फक्त आपलं नाव काढून घेता येतं. त्याला ‘अनाथ करणं’ म्हणतात. तिनं अनाथ केली असती तरी मला चाललं असतं.’

वाचकांपैकी कुणाला हे पोरखेळ वाटतील. दुसऱ्याची पात्रे घेऊन आपली गोष्ट सांगायची, ही काय रीत झाली? पण वऱ्हाडातल्या माणसाने तरी या रीतीला नाक मुरडू नये. आमची रुक्मिणी कौंडिण्यपूरची. वर्धा नदीच्या काठी हे गाव आजही आहे. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून कृष्णाने तिला पळवून नेले, अशी आमची श्रद्धा. मूळ कथा भागवतातली, संस्कृत. पण तेवढ्यावर आपले समाधान झाले का? नरेंद्राने रुक्मिणीस्वयंवर लिहिले, पुढे १५७१ साली एकनाथांनी लिहिले, आणि मध्ये व नंतर किती जणांनी लिहिले याची मोजदाद नाही. प्रत्येकाने त्याच नवरा-नवरीला नव्याने सजवले, आणि प्रत्येकाची रुक्मिणी थोडी वेगळी निघाली.

त्यांच्यात मानाचे पान महदंबेचे. वलगावहून फार दूर नाही ते रिद्धपूर. महानुभावांचे काशी म्हणावे असे ठिकाण. तिथे तेराव्या शतकात श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहाच्या कौतुकासाठी महदंबेने धवळे गायिले, म्हणजे लग्नातली गाणी. विषय तोच, रुक्मिणीचे लग्न. मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री म्हणून आपण जिला ओळखतो, तिने आपली पात्रे नव्याने घडवली नाहीत. सगळ्यांची होती तीच उचलली. आज मराठी भाषेचे विद्यापीठ रिद्धपूरला उभे राहिले आहे, त्याच्या मागे हा वारसा आहे.

त्याच रिद्धपूरशी जोडलेली दुसरी कथा तर आमच्या नातीच्या दफ्तराला थेट भिडते. चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभट नावाचा एक विद्वान गृहस्थ नागदेवाचार्यांच्या सल्ल्याने स्वामींच्या आठवणी गोळा करू लागला. ज्या ज्या माणसाने स्वामींना पाहिले, ऐकले, त्याला त्याला गाठायचे. कुणी शेतात असला तर बांधावर जायचे, कुणी गावाला गेला तर मागोमाग जायचे. विचारायचे, पारखायचे आणि लिहायचे. एकीच्या आठवणीत एक आणि दुसऱ्याच्या आठवणीत वेगळे असले, तर तेही टिपून ठेवायचे. अशी लीळाचरित्राची जुळणी झाली. मराठी गद्याचा तो पहिला मोठा ग्रंथ. माझ्या दृष्टीने ते पहिले मराठी दफ्तरही आहे.

आणि ते हरवले. खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. मग ज्यांना पाठ होते त्यांनी ते पुन्हा उभे केले, आपापल्या आठवणीप्रमाणे. म्हणून लीळाचरित्राचे पाठ अनेक. हिराइसेचा पाठ वेगळा, पिढीपाठ वेगळा. पुढे ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहिले गेले. मठांतल्या पोथ्या कित्येक शतके सुखरूप राहिल्या, पण बाहेरच्या कुणाला वाचता येईनात. विसाव्या शतकात राजवाडे, भावे यांच्यासारख्यांनी खटपट केली तेव्हा ते दार बाकीच्या महाराष्ट्राला उघडले. म्हणजे पाहा, जी पोथी हरवली तिच्यातला मजकूर माणसांच्या तोंडी वाचला, आणि ज्या पोथ्या वाचल्या त्यांतला मजकूर असून नसल्यासारखा झाला.

नातीला हे सांगितले. ती म्हणाली, ‘म्हणजे चिठ्ठी लावायची राहिली!’ मला तिचे म्हणणे पटले.

त्याच आठवड्यात, वाट माहीत असलेल्या एका स्नेह्यांबरोबर आम्ही सातपुड्यात गेलो. मोर्शीच्या पुढे महाराष्ट्राची हद्द संपते आणि मध्य प्रदेशातला बैतूल जिल्हा लागतो. तिथे धारूळ गावाच्या आसपासच्या डोंगरांत, अंबादेवीच्या परिसरात, आदिमानवाने रंगवलेले शैलाश्रय आहेत. डोंगराच्या कडेला खडक पुढे येऊन नैसर्गिक पडवी तयार होते, ती शैलाश्रय. गुराख्यांना या जागा ठाऊक नसतील असे नाही. पण जगाला त्या कळल्या त्या २००७ साली, अमरावतीचे डॉ. विजय इंगोले आणि त्यांचे निसर्गवेडे सोबती भटकत तिथवर पोहोचले तेव्हा. या मंडळींपैकी कुणाची पुरातत्त्व ही नोकरी नव्हती. रानावनात हिंडण्याची हौस, एवढेच त्यांचे भांडवल. नंतर पुरातत्त्व खात्याने पाहणी केली, आणि आज तिथे शंभराहून अधिक चित्रित आश्रयांची नोंद आहे. असाच प्रकार भीमबेटकाचा. १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकर तिथे पोहोचले. २००३ साली ते ठिकाण जागतिक वारशात गेले. पण सुरुवातीला तिथेही होता तो एक माणूस आणि त्याचे कुतूहल.

आम्ही ज्या पडवीखाली उभे राहिलो तिथे प्रथम काहीच दिसले नाही. डोळे सरावले आणि मग गेरूच्या रंगात एक हरीण उमटले. पोटात उभ्या रेघा. पाठीवर मात्र दुसऱ्याच कुणा जनावराचे पाय. निरखून पाहिले तर हे दुसरे जनावर पहिल्याच्या अंगावरून काढलेले. खालचे फिकट, वरचे ठसठशीत. खालचे पुसून वरचे काढलेले नाही. आहे त्यावर आणखी एक. बाजूला भरपूर मोकळा खडक असताना त्या माणसाने हीच जागा का निवडली असेल?

‘आबाजी, हा फॅन होता,’ नात म्हणाली.

मी हसलो, पण विचार करता ते हसण्यासारखे नव्हते. जगभरच्या चित्रित आश्रयांत असे थर सापडतात. दोन थरांमध्ये कधी शेकडो, कधी हजारो वर्षे जातात. आधीच्याने जे काढले त्याला साद घालावी, त्याच्या शेजारी नाही तर त्याच्यातच आपले काढावे, ही ओढ माणसाला फार पूर्वीपासून आहे. ज्या कुणी ते दुसरे जनावर काढले त्याला पहिल्याचे नाव ठाऊक नव्हते. आपल्याला दोघांचेही नाही.

हे सगळे अजरामर आहे असे मात्र समजू नका. स्नेह्यांनी मला खडकावरचा एक फिका डाग दाखवला. नखाएवढा पापुद्रा निघाला होता, आणि त्याबरोबर एका हरणाचे तोंड. खडक वालुकाश्माचा. पावसाचे पाणी आत झिरपते, बरोबर क्षार विरघळून येतात. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि वरचा पापुद्रा आतून ढकलला जातो. वर शेवाळ, गांधीलमाशांची मातीची घरे, चुलीचा धूर, अंग घासणारी जनावरे. आणि शेवटी, अशा जागांचा पत्ता लागला की हाती खडू नाहीतर चुना घेऊन येणारे आपले हौशी प्रेमवीर! इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर रानडुकराचे एक चित्र आहे. ते किमान ४५,५०० वर्षांचे असल्याचे २०२१ साली जाहीर झाले. त्याच वर्षी तिथल्याच गुहांतली चित्रे क्षारांमुळे पापुद्रे सुटून झपाट्याने जात असल्याचा अहवालही आला. इतके दिवस तग धरून राहिलेली चित्रे बरोबर आपण पाहायला गेलो तेव्हा ओसरू लागली.

पाहण्यानेही चित्रे मरतात. फ्रान्समधली लास्को गुहा १९४० साली सापडली. लोक पाहायला लोटले. त्यांच्या श्वासाने आणि दिव्यांनी भिंतींवर बुरा धरू लागला, तेव्हा १९६३ साली ती गुहा बंद करावी लागली. १९८३ पासून प्रवाशांना तिची हुबेहूब प्रतिकृती दाखवतात. पण प्रतिकृतीचा तरी काय भरवसा? आमच्या वऱ्हाडाच्या वेशीवरचे अजिंठा पाहा. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून कित्येक वर्षे तिथल्या चित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनला पाठवल्या. १८६६ साली क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यांतल्या बहुतेक जळून गेल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ सालच्या आगीत गेल्या. मूळ चित्रे मात्र लेण्यांत अजून आहेत, होती त्याहून कमी, पण आहेत.

एक गोष्ट आणखी मनात आली. आपण सहज म्हणतो, आदिमानव गुहेत चित्रे काढी. पण त्याने फक्त गुहेतच काढली असतील का? झाडाच्या सालीवर, कातड्यावर, वाळूत, अंगावर, झोपडीच्या भिंतीवर काढलीच असतील. ती सगळी गेली. पडवीखाली पाऊस लागला नाही म्हणून ही राहिली. म्हणजे आपण ज्याला त्यांची कला म्हणतो, ती त्यांच्या कलेतली न भिजलेली तेवढी. पोथ्यांचेही तसेच, आणि नातीच्या दफ्तराचेही. या दफ्तराच्या आधी जिओसिटीज म्हणून एक जागा होती. तिथे लाखो लोकांनी घरे थाटावीत तशी पाने थाटली होती, त्यांत चाहत्यांच्या कथाही होत्या. २००९ साली ती बंद झाली. तिथेही काही हौशी माणसांनी रात्रीचा दिवस करून जमेल तेवढे उतरवून घेतले. उरलेले गेले. खडकावरचे चित्र जायला हजारो वर्षे लागतात. इथे एक कळ दाबली की झाले.

आता माझ्या स्वतःच्या शोधाकडे येतो. कारण नातीचे पाहून मलाही एक गोष्ट हरवल्याची आठवण झाली होती.

माझी आई, आम्ही तिला माय म्हणत असू, पहाटे जात्यावर बसे. गावात विजेची चक्की आली नव्हती तोवरची ही गोष्ट. मी तिच्या मांडीवर डोके ठेवून अर्धवट झोपेत ओव्या ऐकत असे. त्यांत एक ओवी रुक्मिणीची होती. शब्द मला आठवत नाहीत. आशय आठवतो. रुक्मिणी अंबेच्या दर्शनाला निघते, आणि ती आता परत येणार नाही हे आईला कळले आहे. आई काही बोलत नाही. तेवढ्या घाईत ती लेकीच्या पदरात भाकर बांधून देते. भागवतात ही भाकर नाही. माझ्या माहितीच्या कुठल्याही स्वयंवरात नाही. राजाच्या राणीला भाकर बांधायला लावणारी बाई जात्यावरचीच असणार. चक्की आली, जाते कोपऱ्यात उभे राहिले, आणि ओव्याही थांबल्या. मायला जाऊनही आता पुष्कळ वर्षे झाली.

नातीने मला दुसरे एक दफ्तर उघडून दिले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांत फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या उपक्रमाने त्या लोकांसमोर आणायला सुरुवात केली. प्रत्येक ओवीसोबत गाणारीचे नाव, गाव, तालुका. काहींचा आवाजही आहे. म्हाइंभटाचे काम सातशे वर्षांनी पुन्हा कुणीतरी केले, असे मला वाटले.

मी ‘रुक्मिणी’ शोधले. ओव्यांचा पाऊस पडला. पण ती बहुतेक पंढरपूरची रुक्मिणी, जनीवरून नाहीतर तुळशीवरून विठ्ठलावर रुसलेली, घराघरातल्या बाईसारखी कुरकुरणारी. कौंडिण्यपूरहून पळून गेलेली मुलगी मला भेटली नाही. ‘भाकर’ शोधले, ‘पदर’ शोधले. तीन संध्याकाळी घालवल्या. किती तरी सुंदर ओव्या वाचल्या, मायची ओवी काही निघाली नाही. शोधायला शब्द लागतात, आणि माझ्यापाशी फक्त चाल आणि भाकरीचा वास होता.

धाकटी मावशी अजून गावात आहे. वय नव्वदीच्या घरात. नात तिच्याकडे मोबाइल घेऊन बसली.

‘लिवून नाही ठेवलं का वं तुम्ही कोनी?’ हा प्रश्न नातीने आपल्या परीने वऱ्हाडीत विचारला. मावशी मनापासून हसली.

‘लिवनार कोन होतं बाप्पा! जातं फिरलं का तोंडातून यायचं, पीठ पडलं का गेलं. तुही पनजी तं रोज नवं म्हने.’

रोज नवे! म्हणजे मी जी ओवी शोधत होतो ती कदाचित एकदाच म्हटली गेली असेल. तरी मावशीने डोळे मिटून हाताने खुंटा फिरवल्यासारखे केले, आणि चाल आली. चालीमागून अडखळत शब्द आले. रुक्मिणी होती, अंबा होती, पदरही होता. पण पदरात भाकर नव्हती. कुंकवाची डबी होती.

‘भाकर होती, मावशी,’ मी म्हणालो.

‘नाही जी. भाकर कायले बांधन? सोयऱ्याच्या घरी जाऊन राह्यली का उपाशी? कुकू लागन थे पयले.’

आमचा वाद मिटला नाही. अजून मिटलेला नाही. नातीने शांतपणे दोन्ही टिपून घेतले. आबाजींच्या आठवणीत भाकर, मावशीआजीच्या आठवणीत डबी. मी तिला सांगितले नव्हते, पण म्हाइंभटाने नेमके हेच केले असते.

पुण्याला परत गेल्यावर तिने एक गोष्ट लिहिली. राणी स्वयंपाकघरात उभी आहे, बाहेर अंबेच्या वाटेवरचे वाजंत्री ऐकू येते आहे, आणि काय बांधून द्यावे हे तिला ठरवता येत नाही. ही रुक्मिणीची गोष्ट नाही, तिच्या आईची आहे. नातीने ती मराठीत लिहिली आणि त्या मोठ्या दफ्तरात ठेवली. तिथे इंग्रजीच्या मानाने मराठी कथा फारच थोड्या आहेत. त्यामुळे तिची गोष्ट एखाद्या ओसाड माळावर नवे खोपटे बांधावे तशी दिसते. चिठ्ठ्या लावताना तिने मला फोन केला. पात्रे : रुक्मिणी, रुक्मिणीची आई. ठिकाण : कौंडिण्यपूर. मग ती थांबली.

‘आधार कशाचा लिहू, आबाजी? भागवत?’

‘वलगावच्या एका बाईची जात्यावरची ओवी,’ मी म्हणालो.

‘बाईचं नाव?’

मी मायचे नाव सांगितले. लग्नाआधीचेही सांगितले. सत्तर वर्षांत ते मला कुणी विचारले नव्हते.

ही गोष्ट किती दिवस टिकेल ते मी सांगू शकत नाही. दफ्तर चालवणाऱ्यांना वर्गणी मिळेनाशी झाली तर ते बंद पडेल. उद्या नातीलाच ती बालिश वाटली तर ती पुसून टाकील, आणि तो तिचा हक्क आहे. पण आतापर्यंत ती काही लोकांनी वाचली आहे. त्यांतल्या एका अनोळखी बाईने खाली लिहिले की तिच्या आजीच्या गाण्यात पदरात फुटाणे होते. भाकर, डबी आणि आता फुटाणे! सातपुड्यातल्या त्या हरणावरचे दुसरे जनावर मला आठवले. आमच्या मायच्या ओवीवर कुणीतरी आणखी एक रेघ ओढली होती.

खडक, पोथी, ओठ, यंत्र, यांपैकी कशाचीच हमी नाही, हे एवढ्या खटाटोपानंतर मला कळले आहे. यांतून जे पार पडले ते दोनच गोष्टींमुळे. एक तर कुणीतरी ते उचलून पुन्हा सांगितले. किंवा कुणीतरी बिनपगारी, बिनहुकमी माणसाने ते काय आहे, कुठले आहे, कुणाचे आहे, एवढे लिहून ठेवले. पहिल्या कामाला प्रतिभा लागते. दुसऱ्याला लागते फक्त एक वही.

दिवाळीला घरोघर माणसे जमतील. फराळाच्या ताटाशी कुठली तरी आजी, कुठली तरी मावशी एखादी ओवी, एखादा उखाणा, चिवड्याच्या मसाल्याबरोबर एखादी कहाणी सांगून जाईल. ती टिपून घेताना चार गोष्टी सोबत लिहाव्यात. कुणी सांगितली, कुठल्या गावची, तिने कुणाकडून ऐकली, आणि साल कोणते. कुणाच्या आठवणीत काही वेगळे असेल तर तेही लिहावे, भांडण न मिटवता. वही मग कुठल्या कपाटात जाईल कुणास ठाऊक. पण पुढे कधी कुणी शोधायला बसलेच, तर त्याच्या हाती निदान एक नाव आणि एक गाव लागेल.